प्रकल्प नोंदी: माणूस, चिंपांझी आणि दोघांना लागू पडेल अशी मोजपट्टी

३ फेब्रुवारी

आजपासून नोंदवही सुरू. अर्जातलं प्रकल्पाचं नाव दोन ओळींचं आहे, आपसात आम्ही त्याला नुसतं 'तुलना' म्हणतो. माणसाच्या आणि चिंपांझीच्या मूळपेशींपासून चेतापेशी घडतात तेव्हा कुठलं जनुक कधी जागं होतं, किती जोरात चालतं आणि कधी थांबतं, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं. पेशी आम्ही वाढवणार नाही. प्रयोगशाळांनी सार्वजनिक साठ्यांत ठेवलेला आरएनएचा (चालू जनुकाची पेशीने काढलेली नक्कल) डेटा घ्यायचा आणि नव्याने मोजायचा. आम्ही तिघं आहोत: सर, मी आणि एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी.

संगणकाला हात लावायच्या आधी सरांनी एक जुना लेख वाचायला लावला. मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन, 'सायन्स', एप्रिल १९७५. पूर्वी परीक्षेपुरता चाळला होता, आज सावकाश वाचला. त्या काळी डीएनए अक्षर न् अक्षर वाचायची सोय नव्हती. त्यांनी प्रथिनं घेतली, जेलमधून वीज सोडल्यावर ती किती सरकतात ते पाहिलं, जिथे अमिनो आम्लांचा क्रम माहीत होता तिथे क्रम ताडून पाहिला. माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिनं सरासरी ९९ टक्क्यांहून जास्त सारखी निघाली. इतकं साम्य तर वरवर ओळखूही येणार नाहीत अशा जुळ्यासारख्या प्रजातींत सापडतं. मग देहाची ठेवण, मेंदू, चाल, वागणं यांतलं एवढं अंतर आलं कुठून? त्यांचं म्हणणं असं की प्रथिनं बदलल्यामुळे थोडं, आणि ती कधी, कुठे, किती बनायची याचं नियमन बदलल्यामुळे बरंच.

नियमनातला एकही नेमका बदल हातात नसताना त्यांनी हे लिहिलं. पन्नास वर्षांनंतर आपल्या हातात सगळी अक्षरं आहेत, आणि तरी या एका वाक्याचा पुरावा जमवण्यातच आपण गुंतलो आहोत. त्या लेखाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

४ फेब्रुवारी

विद्यार्थ्याने विचारलं, "ताई, ९९ टक्के म्हणजे नक्की कशाचे?" प्रश्न रास्त आहे. हा आकडा जो तो आपापल्या अर्थाने वापरतो.

चिंपांझीचा जीनोम, म्हणजे डीएनएचा संपूर्ण मजकूर, २००५ साली प्रसिद्ध झाला. माणसाशी ताडून पाहिल्यावर सुमारे साडेतीन कोटी ठिकाणी एकेका अक्षराचा फरक सापडला, म्हणजे जुळणाऱ्या भागात सव्वा टक्क्याच्या आसपास. शिवाय अक्षरं गळण्याच्या किंवा घुसण्याच्या सुमारे पन्नास लाख घटना वेगळ्या. हे बदल दोन्ही वाटांवर मिळून झालेले, ढोबळ मानाने निम्मे आपल्या वाटेवर आणि निम्मे चिंपांझीच्या. जोडीजोडीने लावलेल्या प्रथिनांपैकी २९ टक्के तर दोन्हीकडे तंतोतंत सारखी, उरलेल्यांत बहुधा एखाद-दोन अमिनो आम्लांचा फरक.

प्रथिनांची कृती सांगणारा मजकूर संपूर्ण डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. बाकीच्यापैकी कुठला भाग कामाचा, हे ठरवणं अवघड. पण त्यातच एन्हान्सर नावाचे छोटे पट्टे विखुरलेले आहेत. त्यांच्यावर ठरावीक प्रथिनं येऊन बसली की डीएनएची दोरी वळते, पट्टा दूरच्या जनुकाला भिडतो आणि ते जनुक चालू होतं. विद्यार्थ्याला मी सॉनिक हेजहॉग या जनुकाचं उदाहरण दिलं. हातापायांच्या कोंबात ते चालू करणारा पट्टा जनुकापासून जवळपास दहा लाख अक्षरं लांब, चक्क दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. त्या पट्ट्यातलं एखादं अक्षर बदललं तर जास्तीचं बोट फुटतं. तेच जनुक मेंदूत आणि मज्जारज्जूतही राबतं, पण तिथे काहीच बिघडत नाही, कारण तिथले पट्टे निराळे.

किंग आणि विल्सन यांच्या वाक्याचं बळ इथे आहे. प्रथिन बदललं तर ते जिथे जिथे वापरलं जातं तिथे सगळीकडे परिणाम पोचतो, आणि असा बदल सहसा महागात पडतो. एन्हान्सर बदलला तर एका अवयवात, एका काळात फरक पडतो आणि बाकीचं शरीर जसंच्या तसं राहतं. उत्क्रांतीला मोकळीक मिळते ती अशा जागी.

९ फेब्रुवारी

आज पेन्सिलचं काम. एचएआर-१ नावाचा ११८ अक्षरांचा पट्टा कोंबडी, उंदीर, माकाक माकड, चिंपांझी आणि माणूस अशा पाच ओळींत एकाखाली एक छापून घेतला. प्रोग्रॅमने क्षणात मोजून दिलं असतं, पण सरांचा आग्रह होता की हा एक पट्टा तरी डोळ्यांनी बघायचा.

हा पट्टा २००६ साली कॅथरीन पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. त्यांनी आधी असे भाग निवडले जे इतर प्राण्यांत कोट्यवधी वर्षं जवळपास हललेले नाहीत, आणि मग त्यांतले माणसात मात्र भराभर बदललेले कोणते ते पाहिलं. यादीत हा सगळ्यात वर आला.

कोंबडीची आणि चिंपांझीची ओळ ताडली. बोट एकेका अक्षराखालून पुढे नेत होते. एक फरक, मग पुष्कळ वेळ काहीच नाही, मग आणखी एक. ओळ संपली. दोन. या दोन प्राण्यांचा समाईक पूर्वज तीस कोटी वर्षांमागचा, आणि ११८ अक्षरांत फरक फक्त दोन. मग चिंपांझी आणि माणूस. इथे अंतर साठ-सत्तर लाख वर्षांचं. कागदावर गोल पडायला लागले आणि थांबेचनात. मोजले तर अठरा.

पडद्यावर '१८' वाचणं आणि अठरा वेळा गोल काढणं यांत फार फरक आहे. पाचवी ओळ चौथीशेजारी ठेवल्यावर अंगावर शहारा आला.

या पट्ट्यातून प्रथिन बनत नाही, आरएनए बनतो. गर्भाच्या सातव्या ते एकोणिसाव्या आठवड्यात, मेंदूच्या बाह्यकात, काहाल-रेट्झियस पेशींमध्ये तो सापडतो. बाह्यकाचे थर रचले जात असताना नव्या चेतापेशींना जागा दाखवणाऱ्या त्या पेशी.

१० फेब्रुवारी

कालचा कागद सरांना दाखवला. ते म्हणाले, "छान. आता या अठरांपुढे लिही, कुठलं अक्षर गेलं आणि कुठलं आलं."

लिहीत गेले. डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. टी गेलं, सी आलं. ए गेलं, जी आलं. पुन्हा ए गेलं, जी आलं. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं आणि हात थांबला. अठराच्या अठरा ठिकाणी ए किंवा टी गेलेलं, जी किंवा सी आलेलं. उलट दिशेचा एकही नाही.

"नैसर्गिक निवड एखादं अक्षर ठेवते ते उपयोगी पडलं म्हणून," सर म्हणाले. "तिला फक्त जी आणि सीच का आवडावेत?"

याचं एक साधं, यांत्रिक उत्तर आहे. बीजपेशी तयार होताना आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, तुकड्यांची अदलाबदल होते. चिकटलेल्या जागी दोन धाग्यांतली अक्षरं जुळत नसतील तर पेशीची दुरुस्ती-यंत्रणा त्यांतलं एक खोडते, आणि ती जी-सीच्या बाजूला किंचित झुकलेली आहे. जिथे अदलाबदल वारंवार होते तिथे पिढ्यान्‌पिढ्या जी-सी साठत जातात. कुणाचा फायदा असो वा नसो. एचएआर-१ विसाव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे, आणि गुणसूत्रांच्या टोकांकडे ही अदलाबदल जास्तच चालते.

म्हणजे भराभर बदललेला पट्टा दिसला की लगेच 'हेच आपल्याला माणूस करणारं' म्हणता येत नाही. काल शहारा आला त्याची मला लाज नाही, पण शहारा हा पुरावा नव्हे. पट्टा प्रत्यक्षात काही करतो का, हे प्रयोगानेच ठरतं. एचएआरई-५ या पट्ट्यावर २०१५ साली तसा प्रयोग झाला. तो एफझेडडी-८ या जनुकाशेजारचा एन्हान्सर. उंदराच्या गर्भात एकदा चिंपांझीची आवृत्ती घातली, एकदा माणसाची. माणसाची आवृत्ती आधी जागी झाली आणि जास्त जोरात चालली. चेतापेशींना जन्म देणाऱ्या पेशी लवकर लवकर विभागायला लागल्या आणि मेंदू सुमारे १२ टक्के मोठा भरला. अशा प्रयोगानंतर बोलायला जागा मिळते.

नियम लिहून ठेवते: आपल्या यादीतल्या प्रत्येक पट्ट्याला 'फक्त जी-सीकडे झुकलाय का' ही चाचणी आधी, उत्साह नंतर.

१६ फेब्रुवारी

डेटा उतरवणं चालू. तीन संच निवडले. रात्री एक डाउनलोड तुटला, सकाळी पुन्हा लावला.

१९ फेब्रुवारी

तीन संचांपैकी एक गेला.

मेटाडेटाची, म्हणजे नमुन्यांच्या माहितीची, फाइल उघडून बसले होते. प्रत्येक नमुन्याच्या रीड्सच्या (यंत्राने वाचलेल्या आरएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) नावात यंत्राचा क्रमांक, रनचा म्हणजे यंत्रावरच्या खेपेचा क्रमांक, लेनचा क्रमांक असतो. तो वेगळा काढून तक्ता केला. माणसाचे सगळे नमुने एका रनमध्ये, चिंपांझीचे सगळे दुसऱ्या रनमध्ये, मध्ये काही महिन्यांचं अंतर. एकही नमुना इकडचा तिकडे नाही.

अशा डेटात जो फरक दिसेल तो प्रजातीचा की त्या दिवशीच्या रसायनांचा, हे कुठल्याही गणिताने सुटं करता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच रेषेत बसलेल्या आहेत. विद्यार्थी म्हणाला, "पण ताई, बॅच काढून टाकायची सॉफ्टवेअरं असतात ना?" असतात, पण इथे बॅच, म्हणजे खेपेचा परिणाम, काढली की प्रजातीही तिच्याबरोबर निघून जाते. त्याला कागदावर चार चौकोन काढून दाखवलं. दोन चौकोन रिकामे राहिले तेव्हा त्याला पटलं.

हा धडा या क्षेत्राने जाहीरपणे गिरवलेला आहे. २०१४ साली माणूस आणि उंदीर यांच्या ऊतींची मोठी तुलना प्रसिद्ध झाली होती. तिच्यात माणसाचं यकृत उंदराच्या यकृतापेक्षा माणसाच्याच इतर अवयवांच्या जवळ दिसत होतं. निष्कर्ष चकित करणारा होता. पुढच्या वर्षी योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान यांनी तोच डेटा पुन्हा तपासला. नमुने बहुतांशी प्रजातीवार वेगवेगळ्या खेपांत यंत्रावर चढवले होते. तो परिणाम हिशेबात धरल्यावर यकृत यकृताशेजारी, हृदय हृदयाशेजारी जाऊन बसलं.

दोन आठवड्यांची मेहनत बाजूला ठेवताना जिवावर आलं. पण ठेवली.

२४ फेब्रुवारी

आजची नोंद लांब होणार, कारण आज माझीच चूक सापडली.

पहिल्या फेरीची यादी परवा तयार झाली होती: माणसात जास्त चालणारी जनुकं एका बाजूला, चिंपांझीत जास्त चालणारी दुसऱ्या बाजूला. माणसाची बाजू खूपच लांब भरली. आनंद झाला होता, खोटं कशाला लिहू. सरांनी यादी पाहिली आणि एवढंच म्हणाले, "दोन्ही पारडी इतकी विषम का?"

यादीतलं वरचं एक जनुक घेतलं आणि जीनोम ब्राउझरमध्ये उघडलं. वर माणसाचे रीड्स, खाली चिंपांझीचे. आरएनए जिथून जिथून आला तिथे तिथे डोंगर उभे राहतात. दोन्हीकडे डोंगर जवळजवळ सारखे. शेवटचा, सगळ्यात रुंद डोंगरसुद्धा दोन्हीकडे होता. मग चिंपांझीचा आकडा इतका कमी कसा?

खाली अ‍ॅनोटेशनची पट्टी असते, जनुक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचा नकाशा. माणसाच्या नकाशात जनुकाची शेपटी त्या रुंद डोंगराखालून पूर्ण गेली होती. चिंपांझीच्या नकाशात शेपटी डोंगराच्या पायथ्याशीच संपत होती. रीड्स होते, आरएनए होता, पण तो 'जनुकाबाहेर' पडला म्हणून प्रोग्रॅमने मोजलाच नाही.

माणसाच्या जनुकांचा नकाशा गेली वीस-पंचवीस वर्षं असंख्य लोकांनी घासूनपुसून नेटका केला आहे. चिंपांझीच्या नकाशावर त्या मानाने फार कमी हात फिरलेत. मी दोघांना आपापल्या नकाशाने मोजलं आणि नकाशातली उणीव चिंपांझीच्या नावावर मांडली. आणखी दहा जनुकं उघडून पाहिली, सहांत हीच गोष्ट.

सर म्हणाले, ही चूक नवी नाही, फक्त वेष नवा आहे. २००२ साली मेंदू, यकृत आणि रक्त यांतल्या जनुकांची माणूस आणि इतर वानर अशी पहिली मोठी तुलना झाली तेव्हा वापरलेल्या चिपांवर (आरएनए पकडणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांच्या पट्ट्या) माणसाचीच अक्षरं होती. चिंपांझीचा आरएनए त्यांवर थोडा सैल बसणार, कारण अधूनमधून एखादं अक्षर जुळत नाही. सैल बसला की प्रकाश कमी, प्रकाश कमी म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती, त्याचं चालणं, कमी. तिथे खरा फरक किती आणि चिपचा किती, यावर पुढे बराच ऊहापोह झाला. मग प्रत्येक प्रजातीची स्वतःची अक्षरं असलेल्या चिपा बनवल्या गेल्या, आणि नंतर थेट आरएनए वाचण्याचं तंत्र आलं. तरी नकाशाचा प्रश्न उरलाच.

आता करायचं असं: दोन्ही जीनोममध्ये अक्षरश: जुळणारे, दोन्हीकडे एकेकदाच येणारे एक्झॉनचे (जनुकाचे, अंतिम आरएनएत टिकणारे भाग) तुकडे तेवढे ठेवायचे आणि फक्त त्यांवर पडणारे रीड्स मोजायचे. डेटा बराच फेकला जाईल, पण उरेल त्यात दोघांना एकच माप.

२ मार्च

समाईक एक्झॉनवर मोजणी पुन्हा झाली. पारडी जवळपास सारखी झाली. यादी खूप आखडली. उरलेल्या यादीवर आता विश्वास बसतो आहे.

६ मार्च

विद्यार्थ्याने इतर अवयवांचे प्रसिद्ध निष्कर्ष वाचून आणले आणि जरा हिरमुसला होता. त्याला वाटलं होतं, माणूस आणि चिंपांझी यांत सगळ्यात जास्त फरक मेंदूत सापडेल. प्रत्यक्षात २००५ च्या पाच अवयवांच्या तुलनेत आणि २०११ च्या सस्तन प्राणी व कोंबडी यांच्या मोठ्या तुलनेतही उलटच दिसतं. जनुकांची अभिव्यक्ती सगळ्यात वेगाने बदलते ती वृषणात, आणि मेंदू सगळ्यात सावकाश बदलणाऱ्यांत.

मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. वृषणात शुक्राणूंची आपसात चढाओढ असते आणि तिथल्या पेशींत डीएनए इतका मोकळा पसरलेला असतो की नको ती जनुकंही चालू होतात. मेंदूत मात्र इतक्या गोष्टी एकमेकींवर टेकलेल्या आहेत की एक हलवली तर दहा कोसळतात. तिथे टिकलेला थोडासा बदलही म्हणून मोलाचा.

तसंच आरएनए बदलला म्हणजे प्रथिन तेवढंच बदललं असंही नाही. माणूस, चिंपांझी आणि माकाक यांच्या पेशींत दोन्ही एकत्र मोजली तेव्हा आरएनएतले काही फरक प्रथिनांपर्यंत पोचता पोचता विरून गेलेले दिसले. अहवालात 'जनुक जास्त चालतं' असं लिहिताना 'त्याचा आरएनए जास्त आहे' एवढंच लिहायचं. आपण तेवढंच मोजलं आहे.

१३ मार्च

गटवाचनात आज विद्यार्थ्याची पाळी होती. विषय त्याने स्वतः निवडला: हरवलेले पट्टे. त्याने मांडणी फार चांगली केली.

आपण नेहमी 'माणसात काय नवं आलं' असं विचारतो. २०११ साली एका गटाने उलटं विचारलं, की चिंपांझीसकट बाकी सगळ्यांकडे जपलेलं आणि माणसात गळून गेलेलं काय? ५१० तुकडे निघाले, जवळपास सगळे जनुकांच्या बाहेरचे. त्यांतला एक सुमारे साठ हजार अक्षरांचा तुकडा अँड्रोजन रिसेप्टर या जनुकाजवळचा. त्यातला एन्हान्सर उंदराच्या गर्भात तपासला तर तो मिशांच्या मुळाशी आणि शिश्नावरच्या खवल्यांसारख्या काट्यांच्या जागी जनुक चालू करतो. संवेदी मिशा आणि ते काटे चिंपांझीला आहेत, आपल्याला नाहीत. प्रथिन जसंच्या तसं शाबूत, फक्त दोन जागची कळ निखळली.

मग कुणीतरी दूध पचवण्याचा विषय काढला, आणि तो इथे चपखल बसतो. सस्तन प्राण्यांत लॅक्टेजचं, म्हणजे दुधातली साखर पचवणाऱ्या प्रथिनाचं, जनुक बाळपणानंतर मंदावतं. काही मानवसमूहांत ते मोठेपणीही चालू राहतं. लॅक्टेजच्या जनुकात काहीच बदललेलं नाही. त्याच्या १३,९१० अक्षरं आधी, शेजारच्या एमसीएम-६ या जनुकाच्या आत एक सी जाऊन टी आला आहे. पूर्व आफ्रिकेतल्या काही समूहांत त्याच परिसरात पण दुसऱ्याच अक्षरावर बदल झाला आणि परिणाम तोच. ज्या जागी कळ होती तिथेच निसर्गाचा हात दोनदा, वेगवेगळ्या वाटेने पोचला.

हे माणसामाणसांतलं उदाहरण आहे, माणूस आणि वानर यांतलं नव्हे. पण पद्धत तीच, आणि इथे तर आपण अक्षरावर बोट ठेवू शकतो.

२० मार्च

समाईक एक्झॉन झाले, बॅच झाली, तरी एक प्रश्न राहतोच. एखादं जनुक माणसात कमी चालतं, तर कारण त्याच्या शेजारच्या पट्ट्यात आहे की पेशीतल्या एकंदर वातावरणात? पट्टा तोच असेल, पण त्यावर येऊन बसणारं प्रथिनच कमी असेल, तर शेजारची अक्षरं कितीही तपासली तरी हाती काही लागणार नाही.

यावर २०२१ साली एक उपाय प्रसिद्ध झाला आणि तो वाचून मी दिवसभर त्यातच होते. माणसाची एक मूळपेशी आणि चिंपांझीची एक मूळपेशी ताटलीत जोडून एकच पेशी केली. माणसाची ४६ गुणसूत्रं, चिंपांझीची ४८, एका केंद्रकात ९४. यातून कुठला जीव होत नाही, ती फक्त ताटलीतली पेशी. पण तिच्यात दोन्ही जीनोम एकाच पाण्यात, एकाच दिवशी, एकाच वयाचे असतात आणि नियमन करणारी प्रथिनं दोघांना सारखीच मिळतात. तरीही एखाद्या जनुकाची माणसाची प्रत चिंपांझीच्या प्रतीपेक्षा हळू चालत असेल, तर कारण त्या प्रतीला लागूनच्या डीएनएत आहे. दुसरीकडे बोट दाखवायला जागाच उरत नाही. दोन्ही प्रती सारख्या चालायला लागल्या, तर मूळ पेशींतला फरक बाहेरून आलेला होता.

अशाच पेशींपासून चेहऱ्याची हाडं घडवणाऱ्या पूर्वज-पेशी तयार केल्यावर ईव्हीसी-२ या जनुकाची माणसाची प्रत बरीच दबलेली आढळली. ते जनुक हेजहॉगचा संदेश पुढे नेतं आणि कवटी-चेहऱ्याच्या वाढीशी जोडलेलं आहे.

इतके दिवस आम्ही एकेक विषमता शोधून वजा करत होतो. इथे कुणीतरी विषमता शिरूच नये अशी पेशी बांधली. या पेशींचा सार्वजनिक डेटा आपल्या यादीवर चाळणीसारखा लावायचा ठरला. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "करच. आणि जी जनुकं या चाळणीतून उरतील, त्यांच्याच शेजारचे पट्टे बघ. बाकीच्यांवर वेळ घालवू नकोस."

२७ मार्च

घड्याळ.

गेले चार दिवस एकाच गोष्टीत अडकले होते, ती आज सुटली. म्हणजे उत्तर मिळालं असं नाही, प्रश्न नीट दिसला.

आमच्या डेटात दिवस ठरलेले आहेत: मूळपेशीपासून निघाल्यावर अमुक दिवस, तमुक दिवस. आम्ही माणसाचा तिसावा दिवस चिंपांझीच्या तिसाव्या दिवसाशी ताडत होतो. पण माणसाच्या चेतापेशी सावकाश पिकतात. ताटलीतल्या मेंदूच्या गोळ्यांतही, म्हणजे ऑर्गॅनॉइडमध्येही, हे दिसलेलं आहे. तेव्हा तिसाव्या दिवशी एक पेशी अजून अर्ध्या वाटेवर आणि दुसरी पुढच्या मुक्कामाला. मधला फरक मोजला तर तो वयाचा फरक निघणार.

पहिला विचार आला तो हेही वजा करायचा. पॅक्स-६, मग ईओएमईएस, मग टीबीआर-१ ही जनुकं वाटेवरचे मैलाचे दगड, ती क्रमाने येतात. त्यांच्यावरून दोन्ही प्रजातींच्या पेशी कुठल्या टप्प्यावर आहेत ते ठरवायचं आणि दिवसाला दिवस न लावता टप्प्याला टप्पा लावायचा. ते केलं. यादी आणखी लहान झाली.

पण सर म्हणाले, "वजा केलंस ते काय होतं, ते फेकण्याआधी एकदा बघ."

बघितलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. २०२१ च्या एका कामात माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांचे ऑर्गॅनॉइड शेजारी वाढवले होते. मेंदूची अगदी सुरुवातीची पेशी उभट खांबासारखी असते, एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी वाढते. पुढे ती सडपातळ होते आणि चेतापेशी तयार करायला लागते. माणसाच्या पेशी त्या पहिल्या अवस्थेत काही दिवस जास्त थांबतात. एवढंच. पण दुपटीच्या वाढीत काही दिवस म्हणजे फार झालं, पाया तिथेच रुंद होतो. या वळणाशी झेडईबी-२ हे जनुक जोडलेलं निघालं, आणि ते गोरिलात लवकर जागं होतं. माणसाच्या ऑर्गॅनॉइडमध्ये ते लवकर चालू केलं तर वळण लवकर आलं आणि गोळा वानरासारखा झाला. गोरिलात वळण लांबवलं तर त्याचा गोळा मोठा झाला.

नवं जनुक नाही, नवं प्रथिन नाही. जे आहे तेच, जरा उशिरा.

म्हणून वेळेचा फरक मोजणीतली अडचण समजून बाजूला सारणं बरोबर नव्हतं. मशीनच्या खेपा, नकाशाची शेपटी, चिपेवरची अक्षरं हे फरक माणसाने मोजताना घातले होते, ते काढायलाच हवेत. घड्याळाचा फरक पेशींचा स्वतःचा आहे. आता दोन याद्या ठेवणार. एक टप्प्याला टप्पा लावल्यावरही वेगळ्या राहणाऱ्या जनुकांची, दुसरी फक्त वेळ सरकलेल्यांची. टप्पे ठरवायला वापरलेली जनुकं दोन्ही याद्यांतून वगळायची, नाहीतर ज्याने मोजलं त्यालाच मोजल्यासारखं होईल.

३ एप्रिल

सर्व्हर दोन दिवस बंद होता. आज चालू. दोन्ही याद्या नव्याने काढायला लावल्या.

८ एप्रिल

दोन्ही याद्या आल्या. 'वेळ सरकलेली' यादी मोठी, 'तरीही वेगळी' यादी छोटी. जोड-पेशींची चाळणी लावल्यावर छोटी यादी आणखी छोटी झाली. शेवटी उरलेली जनुकं एका पानावर मावली. फेब्रुवारीत तीच यादी पानंच्या पानं भरत होती.

दुपारी त्यातलं तिसरं जनुक उघडलं. शेपटी दोन्ही नकाशांत एकाच जागी संपते, ते आधी पाहिलं. नमुने दोन्ही रनमध्ये मिसळलेले, तेही पाहिलं. मग शेजारचा भाग बघत गेले. जनुकापासून बऱ्याच अंतरावर एक पट्टा आहे, चेतापेशींच्या पूर्वज-पेशींत उघडा असणारा. माकाक, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी अशा चार ओळी अक्षरश: सारख्या. पाचवीत, माणसाच्या ओळीत, चार अक्षरं वेगळी.

विद्यार्थी शेजारी उभा होता. "ताई, सापडलं!" म्हणाला. मी पाच ओळी कागदावर छापून घेतल्या आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्याने चार गोल काढले आणि मी न सांगता प्रत्येकापुढे लिहिलं, कुठलं गेलं आणि कुठलं आलं. दोन ठिकाणी ए जाऊन जी आलेलं. तिसऱ्या ठिकाणी सी जाऊन टी. चौथ्यात जी जाऊन ए. दोन्ही दिशांचे बदल आहेत.

कागद भिंतीवर लावला. पट्ट्याच्या दोन्ही आवृत्त्या पेशींत घालून तपासता येतील का, हे शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारायला सर उद्या सकाळी जाणार आहेत. यादीतलं चौथं जनुक विद्यार्थी उघडतो आहे.